दावं मागं ठेवून आलेली गाडी

मेढा

मेढ्याच्या बाजारपेठेत मी ज्या गाडीखाली पाठीवर पडून हातोडीनं चासी वाजवत होतो, ती गाडी विकायची नव्हती.

हे कळायला मला बराच वेळ लागला. आधी मला फक्त दोन पाय दिसले. रबरी चपला, त्यांच्यावर शेणाचे वाळलेले शिंतोडे, शेजारी दुधाची किटली. पाय थोडा वेळ उभे राहिले, मग गुडघ्यात वाकले आणि एक मिशाळ तोंड उलटं होऊन माझ्याकडे बघायला लागलं.

"पावणं, काय घावलं का?"

हाच मालक, असं मी धरून चाललो. जुनी गाडी बघायला गेलं की आधी नाक मुरडायचं म्हणजे मालक नरमतो, असं मी एका व्हिडिओत ऐकलं होतं. त्यामुळे पडल्यापडल्याच जरा कडक आवाज काढला. "खालून पार गंजलीय की हो. सायलेन्सर लोंबतोय. कोण घेणार असली गाडी?"

"घ्या म्हणतंय कोण?" तो शांतपणे म्हणाला. "मी आपला डेअरीला दूध घालाय आलोय."

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून हाक आली, "दाजी, आवं ती न्हवं. ही हिकडची."

हाक मारणारा संपत. माझ्या बायकोचा मावसभाऊ. सैन्यात उभी नोकरी गाड्या चालवण्यात आणि दुरुस्त करण्यात घालवली, आता कराडजवळ घरचा ऊस बघतो. मी त्याला सोबत घेतलं असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे बायकोनं त्याला माझ्यामागं लावून दिलं होतं.

मी बाहेर निघालो तेव्हा शर्टाच्या पाठीवर काळ्या तेलाचा नकाशा उमटला होता. दूधवाला रागावला मात्र नाही. म्हणाला, "गेलाच हुता खाली, तर त्या सायलेन्सरची तार तरी आवळायची. लय वाजतंय." संपत मुकाट्यानं खाली शिरला आणि तार आवळून आला. मग दूधवाल्यानं आम्हाला बिनपाण्याच्या दुधाचा चहा पाजला. मी नावं ठेवलेल्या गाडीच्या मालकानं पाजलेला चहा पिताना मान वर करता येत नव्हती, पण चहा उत्तम होता.

आता ही गाडी-शोधाची यात्रा कशासाठी, ते सांगायला हवं. माझं साताऱ्यात चष्म्याचं दुकान आहे. लोकांना नीट दिसावं म्हणून मी दिवसभर काचा बसवतो. पन्नाशी ओलांडली तरी अधूनमधून मला एक खूळ लागतं. मागं मधमाश्या पाळल्या होत्या, त्या शेजाऱ्यांकडे राहायला गेल्या. व्यायामाचं यंत्र आणलं, त्यावर आता टॉवेल वाळतात. त्यामुळे मी जेव्हा जाहीर केलं, की जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी, पिकअप घेऊन ती डोंगरात चढण्यासाठी नव्यानं बांधणार, मोठी चाकं लावणार, उंच करणार, पुढं चिखलातून ओढून काढणारं विंच बसवणार, तेव्हा घरात कुणी वर बघितलं नाही.

या वेळी मात्र खुळाला कारण होतं. माझ्या बायकोचं, शैलाचं, माहेर पाटणच्या वरच्या अंगाला. तिच्या वडिलांचं रान सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट पठारावर. ती एकुलती एक, म्हणून रान तिच्या नावावर. शेवटच्या घरापासून वर जायचं तर ओढ्यातल्या धोंड्यांवरून जी वाट जाते तीच. तिचा गुडघा बिघडल्यापासून तिनं सडा बघितलेला नाही. तिचा चुलतभाऊ आबा ते रान मागत होता. वाईट मनानं नाही, पडून राहतंय म्हणून. शैलानं त्याला पाडव्याला सांगते असं कळवलं होतं.

मला तिनं एवढंच सांगितलं, "गाडी दारात आली की मी एकदा बसून बघीन. बसणं जमलं तर जाऊ वर. नाही जमलं तर पाडव्याला आबाला हो म्हणून टाकते. मग तुमच्या प्रोजेक्टचं तुम्ही बघा."

'बसणं जमलं तर' याचा अर्थ मी सीट मऊ असावी असा लावला. हे ध्यानात ठेवा.

तर मेढ्यातली खरी विकाऊ गाडी रस्त्याच्या पलीकडे होती. लांबून झकास, हिरव्या रंगाची. संपतनं खिशातून लोहचुंबक काढून पत्र्याला लावला. तो खाली पडला. दुसरीकडे लावला, तिथंही पडला. पत्रा नव्हताच तिथं, भोकं बुजवायला भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी होती, वर रंग. गाडीचे मालक धोतर-टोपीतले वयस्कर गृहस्थ. त्यांनी लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"आमच्याकडं जून लागला की माणसांस्नी बुरशी येती," ते म्हणाले, "पत्र्याचं काय घिऊन बसलाय. बसा, जेवून जावा."

तांदळाची भाकरी आणि पावट्याची आमटी. ज्याची गाडी घेतली नाही त्याच्याच घरी पोटभर जेवण्याची ही आमच्या जिल्ह्यातली रीत मला फार आवडते. निघताना त्यांनीच सल्ला दिला, "पावसाकडची गाडी घिऊ नगा. वाळल्या मुलखात जावा."

पाचगणी

सल्ला लगेच ऐकला तर तो मी कसला. त्याच दुपारी आम्ही पाचगणीला गेलो, कारण तिथल्या एका गाडीचा फोटो मी फोनवर इतक्यांदा बघितला होता की शैलानं विचारलं होतं, "कोण आहे?"

गाडी फोटोपेक्षा देखणी निघाली. काळी कुळकुळीत, कपाळावर दिव्यांची रांग, नाकाशी विंच, हवा घ्यायचं धुराडं छतापर्यंत, आणि चाकं माझ्या कमरेला लागतील एवढी. मालक स्ट्रॉबेरीचे बागायतदार. रानाच्या कडेला पाहुण्यांसाठी तंबू टाकलेले. मी दार उघडलं, मूठ धरली, एक पाय वर टाकला आणि तिथंच राहिलो. वरचा पाय गाडीत, खालचा पाय जमिनीपासून सुटलेला, आणि मधे पँटीची शिवण सुटल्याचा आवाज.

"थांबा, थांबा," मालक धावत एक गुलाबी प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आले. "आम्ही हे ठेवतोच."

स्टुलावरून मी वर गेलो. वरून सगळा मुलूख लहान दिसत होता. तंबूतल्या एका कुटुंबानं माझा फोटो काढला. मी मनातल्या मनात गाडी घेऊनही टाकली.

संपत तोवर गाडीखाली होता. बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "दाजी, पुढची चाकं नुसती शोभेची हायती. त्यास्नी फिरवणारा शाफ्टच न्हाई."

"काढून ठेवलाय हो," मालक मोकळेपणानं म्हणाले. "डिझेल फार खायची. पाहुण्यांना फोटोपुरतीच लागते ना."

उतरताना पुन्हा स्टूल लागलं. मग स्ट्रॉबेरी आल्या, वर साय. संपतनं साय बाजूला सारली आणि मीठ-मिरची मागितली. मालक चकित. "अवो, आंबट फळ हाय की," संपत म्हणाला, "आमच्यात त्याला मीठच लागतंय." मालकांनी एक फोड तिखटमिठात बुडवून खाल्ली, डोळे मिटले, आणि तंबूतल्या पाहुण्यांना हे नवीन म्हणून द्यायला हरकत नाही असं म्हणाले. आमच्या गाडीशोधाचा पाचगणीला झालेला हा एवढाच फायदा.

परतीच्या घाटात मी पाय आखडून, उसवलेली शिवण झाकून बसलो होतो. म्हणालो, "उंची मात्र तेवढीच पाहिजे आपल्याला."

"उंची काय, कमानपाट्याखाली ठोकळं घालून देतो की," संपत म्हणाला. "पर आधी खालनं शाबूत गाडी बघा."

पूर्वेकडे

शाबूत गाडी संपतच्या एका जोडीदाराच्या ओळखीनं कळली. जतच्या पुढं, कर्नाटकाच्या वाऱ्याला लागून असलेल्या एका मेंढपाळांच्या वस्तीवर.

आम्ही भल्या सकाळी जतकडं जाणाऱ्या एका ओळखीच्या टेम्पोतून निघालो. कृष्णाकाठचा ऊस संपेपर्यंत मी झोपलो होतो, त्यामुळे त्याचं वर्णन मला करता येणार नाही. जाग आली ती वासानं. रानारानांत हळद शिजत होती. ओल्या मातीचा, कडवट, गरम असा तो वास, आणि कायलीतून वर येणारी पिवळट वाफ. पुढं द्राक्षांचे मांडव लागले, मग बेदाणा वाळवायच्या हिरव्या जाळ्यांच्या शेड. एका शेडपाशी आम्ही थांबलो तर तिथल्या बाईंनी ओंजळभर बेदाणे दिले आणि पैसे काढायला लागलो तर म्हणाल्या, "खाण्याचं कुठं इकत असत्यात व्हय?"

त्याच्या पुढं झाडं बुटकी होत गेली आणि पटके मोठे होत गेले. साताऱ्यात कुठंही उभं राहिलं की समोर एक डोंगर येऊन आडवा पडतो. इथं नजर जाते ती थांबतच नाही. दूर टेकडीवर पवनचक्क्या हात फिरवत होत्या. कालव्याचं पाणी बऱ्याच ठिकाणी आलंय, पण ते जिथं पोचलं नाही तिथं जमीन भाजलेल्या भाकरीसारखी. मी खिडकीतून भडंग खात बघत होतो. त्यातली एक मिरची चुकीच्या नळीत गेली आणि पुढचा पट्टा मी डोळ्यांतल्या पाण्यातून बघितला. त्या मुलखात तेवढंच पाणी.

वस्ती

वस्ती म्हणजे दोन खोल्या, एक छपरी, एक जाळीचं वाघर, त्यात कोकरं, आणि बाभळीखाली ती गाडी.

मूळची पांढरी असावी. दोन ओळी सीटांची केबिन, मागं उघडा हौदा. आधी पवनचक्क्यांच्या कामावर होती, तिथून या घरी आली. सिदू, घरचा कर्ता मुलगा, आम्हाला घेऊन गाडीपाशी गेला.

"बॉनेटला हात लावून बघा," तो म्हणाला. "गार हाय. पावणं येणार म्हणून तापवून ठेवल्याली न्हाई."

संपतनं लोहचुंबक लावला. तो असा चिकटला की ओढून काढावा लागला. दारं, हौद्याचा तळ, चासी, सगळीकडे लोखंडच लोखंड. संपतचा चेहरा मी चष्मे विकणाऱ्या माणसाच्या नजरेनं वाचत होतो. त्याला आनंद झाला की तो जास्तच गंभीर होतो. त्यानं किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली, हवेच्या जाळीतून लोकरीचा एक पुंजका माझ्या तोंडावर उडाला, आणि इंजिन लागलं. धूर काळा, मग करडा, मग नाहीच.

"ईकताय कशापायी मग?" संपतनं विचारलं.

"मोठी घेतली की," सिदू म्हणाला. "ती मेंढरांसंगं नदीकाठाला गेलीया, भावाकडं. ही हितं बसून ऱ्हाती. बसल्यानं गाडी बिघडती."

वाळक्या ओढ्यात आम्ही ती चालवली. संपतनं मागच्या चाकांना वाळूत मुद्दाम रुतवलं, मग तो छोटा दांडा ओढला. पुढची चाकं जागी झाली आणि गाडी म्हातारीनं उठावं तशी, एक हात गुडघ्यावर ठेवून उठल्यासारखी, वर आली. मग मी चालवली. माझ्याकडून ती तीनदा बंद पडली, पण तो दोष गाडीचा नव्हता यावर सगळ्यांचं एकमत झालं.

परत आलो तेव्हा मी चारी बाजूंनी फिरून प्रोजेक्टच्या नजरेनं पाहणी केली. डाव्या दाराखाली एक विचित्र गोष्ट होती. लोखंडी पट्टी वाकवून वेल्डिंगनं जोडलेली पायरी. जमिनीपासून जेमतेम वीतभर वर, तिच्यावर पोत्याचा तुकडा सुतळीनं गुंडाळलेला.

"हे काय लोंबतंय?"

"ही आधी कापायची," संपत म्हणाला. "पैल्याच धोंड्याला आडकंल." त्यानं खिशातून टायरवाल्यांचा मेणखडू काढून मला दिला, आणि मी त्या पायरीवर मोठ्या उत्साहानं पांढरी फुली मारली. पहिलं कापकाम. प्रोजेक्ट सुरू झाला होता.

"खडूनं काय चिताडतूयास रं लेकरा?"

छपरीच्या सावलीत बसलेली सिदूची आई. सगळे तिला आव्वा म्हणत होते. हातात लोकर आणि ती पिळायची चाती, डोळ्यांवर माझ्या दुकानात आली असती तर मी लगेच बदलला असता असा चष्मा.

"काही नाही आव्वा, खुणा करतोय."

"काय भरणार हिच्यात?"

मी बसलो आणि तिला ऑफरोड म्हणजे काय ते समजावून सांगितलं. रस्ता नसलेल्या ठिकाणी कसं जायचं, चाकं किती मोठी, विंच कसं ओढतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "म्हंजे मोकळीच पळवणार?"

"तसं नाही, म्हणजे..."

"आवं आव्वा," संपत मधे पडला, "दाजी लाजत्यात. ताईचा गुडघा दुखतोय. तिचं रान डोंगराच्या माथ्यावर हाय. तिला न्यायचंय."

आव्वाची चाती थांबली. "मग आसं सांगावं की. मगाधरनं काय चाक-चाक करतंय हे." आणि ती सिदूकडं वळली. "दी बाबा ह्यास्नी."

बोलणं संपतनं आणि सिदूनं बाभळीखाली उरकलं. मग जेवण. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि वाटीत गरम काळसर माडगं, हुलग्याच्या पिठाचं, लसणाचा झणका असलेलं. साताऱ्यात व्यवहार ठरला की आपण पेढे आणतो. इथं आव्वानं उठून बॉनेटवर भंडाऱ्याची पिवळी बोटं ओढली, मग संपतच्या कपाळावर, मग माझ्या. भंडारा चष्म्याच्या काचेवरही पडला. कागदांवर सह्या झाल्या. मी उभा राहिलो आणि चावीसाठी हात पुढं केला.

सिदूनं आईकडं बघितलं आणि चावी तिला दिली. आव्वानं चावी पदराच्या टोकाला बांधली, गाठ मारली आणि कमरेला खोचली.

"चावी न्हाई मिळायची," ती म्हणाली.

पाडवा जवळ आलेला, गाडी समोर उभी, आणि म्हातारीचं मन फिरलं. मी बोलायला लागलो. शब्द दिलाय, कागद झालेत, इतक्या लांबून आलोय, असं बराच वेळ बोललो. आव्वा मान डोलावत ऐकत होती, पण हात कमरेवरून काढत नव्हती.

संपत खो खो हसायला लागला.

"दाजी, गप बसा. दावं हाय ते."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडेही बैल विकला की दावं देत नाहीत. ज्यानं घेतला त्यानं स्वतःचं दावं आणायचं, त्यानं बांधून न्यायचं. दावं गेलं तर दावणीचं जनावरच तुटतं अशी समजूत. पण साताऱ्यात ही रीत गाडीला लावलेली मी ऐकली नव्हती.

"आव्वा," मी विनवणीच्या सुरात म्हणालो, "गाडीला दावं कुठं असतं?"

"ह्येच्यानंच तर बांधल्याली अस्ती ती," आव्वा कंबर थोपटत म्हणाली. "ह्ये घातल्याबिगर हलती का?"

ती मला आत घेऊन गेली. देवाच्या कोनाड्याशेजारी खुंटीला जुनी दावी टांगलेली, झिजून गुळगुळीत झालेली. गाडी यायच्या आधी बिऱ्हाड घोड्यांवरून जायचं. एकेक घोडं विकलं गेलं, दावी इथं राहिली. "ह्येच्या मागनं ही गाडी आली," आव्वा म्हणाली. "दावं ऱ्हायलं म्हणूनच आली."

"दुसरी चावी नाही का?" मी सिदूला विचारलं.

"हुती. नदीत पडली, का मेंढरानं खाल्ली, काय ठावं."

मार्ग एकच होता. जतच्या बाजारात चावीवाला होता. आव्वाच्या चावीवरून नवीन चावी पाडायची. पण आव्वाची चावी आव्वाच्या कमरेवरून दुसऱ्याच्या खिशात जाणार नव्हती, म्हणून आव्वाच यायला निघाली. तिनं डाव्या दाराची मूठ धरली, पोत्याच्या पायरीवर पाय ठेवला, आणि एका दमात पुढच्या सीटवर जाऊन बसली. मग पदरातली चावी संपतच्या हातात दिली, "लाव, आन् माज्याकडं ध्यान ठिव." एक लंगडी मेंढीही डॉक्टरकडे न्यायची होती. ती मागच्या हौद्यात. सिदूनं तिला धरायचं आणि मी सिदूला, अशी व्यवस्था झाली.

ज्या गाडीचा मालक मी तासाभरापूर्वी झालो होतो, तिच्या हौद्यात बसून मी जतला गेलो. वाटेत मेंढीनं माझ्या खिशातलं चष्मे पुसायचं फडकं शांतपणे खाऊन टाकलं.

चावीवाल्यानं कानस मारून चावी पाडली. पहिल्यांदा ती फिरलीच नाही. त्यानं पुन्हा घासली. मग फिरली, पण जरा वर उचलून, डावीकडे दाबून. आव्वानं स्वतःची चावी लावून बघितली. झटक्यात लागली. तिला समाधान वाटलं.

"माजी लगीच लागती. तुमची जरा शिकंल," ती म्हणाली.

आम्ही त्यांना वस्तीवर पोचवलं. आव्वा त्याच पायरीवरून खाली उतरली. बॉनेटवर हात ठेवून ती गाडीला म्हणाली, "जा बाई. तिकडं पाणी बक्कळ हाय." मग मला म्हणाली, "बायकुला घिऊन ये एकदा. गुडघ्याला एरंडाचं पान बांध म्हणावं." तिनं सीटवर टाकलेला घोंगडीचा तुकडा काढून घेतला नाही. तोही दिला का, विचारलं तर म्हणाली, "घोंगडं काय दावं हाय व्हय?"

कराड

परतताना आमच्या गप्पांत फक्त प्रोजेक्ट होता. ठोकळे किती घालायचे, चाकं कुठली, दिवे किती. कराडला संपतच्या ओळखीचं वेल्डिंगचं दुकान लागलं. "थांबा, ती पायरी हितंच उडवू," संपत म्हणाला. "ताईला गाडी कशी दिसाय पायजे, सुटसुटीत."

दुकानात वीज नव्हती. दुकानदार म्हणाला, येईल आता. आम्ही चहा प्यायलो. पुन्हा चहा प्यायलो. दुकानदारानं पायरी हलवून बघितली आणि म्हणाला, "ज्यानं जोडलीय त्यानं मन लावून जोडलीय. कापाय येळ लागंल." तेवढ्यात शैलाचा फोन आला. कुठं आहात, जेवण गार होतंय. वीज काही आली नाही. आम्ही निघालो. त्या वीज कंपनीला मी आयुष्यात एकदाच मनापासून धन्यवाद देतो, तो हा प्रसंग.

सातारा

शैला दारात उभी होती. गाडी बंद करून मी उतरलो आणि लगेच बॉनेट उघडून बोलायला लागलो. ती गाडीभोवती एक फेरी मारून आली, नाकाला पदर लावून.

"गाडी आणलीय का बोकड?"

"वास जाईल," मी म्हणालो. "सीट बघ, मऊ आहे. घोंगडी आहे वर."

तिनं डावं दार उघडलं. आणि तेव्हा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मी जे बघायला हवं होतं ते बघितलं. सीट तिच्या कमरेएवढ्या उंचीवर होती. पाचगणीचं गुलाबी स्टूल माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. माझी उसवलेली पँट उभी राहिली. मी ही गाडी अजून उंच करणार होतो. तिचा उजवा पाय एवढा वर जाणार नव्हता, हे मला तीन वर्षं तिच्यासोबत जिना चढताना दिसत होतं, आणि मी चष्मे विकतो.

मी हात द्यायला पुढं झालो. तिनं माझा हात बाजूला केला, खाली बघितलं, डावा पाय पोत्याच्या पायरीवर ठेवला, मूठ धरली, उजवा पाय सरळच आत ओढून घेतला आणि बसली.

ती काचेतून समोर बघत होती. समोर शेजाऱ्यांची भिंत होती, पण ती भिंत बघत नव्हती.

मग तिनं मान बाहेर काढून खाली बघितलं. "ह्या पायरीवर फुली कसली?"

संपत एकदम मागच्या टायरची हवा बघायला गेला.

"खूण आहे," मी म्हणालो. "पायरी नीट दिसावी म्हणून."

सडा

पाडव्याच्या आधीच्या रविवारी आम्ही वर गेलो. गाडी होती तशीच, न उंच केलेली, मेंढीच्या वासासकट. संपत चालवत होता, शैला पुढं, मी मागच्या सीटवर डबे धरून. वाटेत मी तिला आव्वाची, चावीची आणि दाव्याची सगळी हकिकत सांगितली. ती मेंढीनं फडकं खाल्लं तिथं हसली, गोष्ट चावीशी आली तेव्हा मात्र मागं वळून लक्ष देऊन ऐकायला लागली.

ओढ्याच्या धोंड्यांत संपतनं छोटा दांडा ओढला. गाडी एकेक धोंडा चाचपत चढायला लागली. मधेच डावीकडून ठण्ण असा आवाज आला. पायरी धोंड्याला घासली होती. मी डोळे मिटले. उतरून बघितलं तर पट्टी जराशी वाकली होती, सुटली नव्हती. ज्यानं जोडली त्यानं खरंच मन लावून जोडली होती.

सडा मार्चमध्ये काही दिसायला सुंदर नसतो. पिवळं गवत, काळा कातळ, वारा. पण शैला पायरीवरून उतरली आणि काठी टेकत बांधाबांधानं चालत गेली, प्रत्येक जांभळीला आणि धोंड्याला नावानं ओळखत. झऱ्याचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायली. कोयनेकडची दरी बघत कातळावर बसली. आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली, संपतनं तिच्या वाटणीची चटणी पळवली, आणि तिनं लहानपणी मारायची तशी त्याला चापट मारली.

आबा खालून पायी वर आला होता, धापा टाकत. रामराम झाला. तो काही विचारायच्या आत शैला म्हणाली, "आबा, औंदा नाचणी मी करणार हाय. तुझं औत दे."

आबानं तिच्याकडं बघितलं, मग गाडीकडं. "कर की बाई. तुझंच रान हाय. पर जाताना मला खाली सोडा. चढून जीव गेलाय."

बॉनेटवरच्या भंडाऱ्याला नमस्कार करून तो हौद्यात बसला आणि मजेत खाली आला.

संध्याकाळी घरी पोचलो. संपत आणि मी अंगणात गाडीपाशी उभे राहिलो. खरं सांगतो, माणूस सुधारत नाही. यश मिळालं की प्रोजेक्ट पुन्हा डोकं वर काढतो. मी म्हणत होतो, थोडीच उंच करू, अगदी थोडी. संपत म्हणत होता, पायरी काढून नवीन पद्धतीची, आत दुमडणारी लावू. वाकलीच आहे आता.

शैला बाहेर आली. माझ्या हातातून चावी घेतली, कपाटाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली आणि जुडगा कमरेला खोचला.

"विंच लावा, दिवे लावा, काय लावायचं ते लावा," ती म्हणाली. "चावी लागली की माझ्याकडं मागायची. पण आधी ती फुली पुसून या."